दोन पेशींवर अडलेले भ्रूण: वय मादीचं की चूक माझी?

तळ्यातमळ्यात

नमस्कार. इथे प्रयोगशाळेत उंदरांच्या स्त्रीबीजांवर काम केलेलं कोणी असेल तर प्लीज वाचा. जरा लांबलंय.

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय : वय झालेल्या मादीची स्त्रीबीजं आणि त्यांपासून होणाऱ्या भ्रूणाचे पहिले चार दिवस. प्रस्तावात हे वाक्य फार भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात पाच महिने मी मायक्रोस्कोपखाली एकच दृश्य बघतेय. दुसऱ्या दिवशी दोन पेशी. तिसऱ्या दिवशी दोन पेशी. चौथ्या दिवशी त्याच दोन पेशी, आता जरा काळवंडलेल्या.

तपशील देते. स्विस जातीच्या मादी, ११-१२ महिन्यांच्या, पिल्लं देऊन रिटायर झालेल्या. पीएमएसजी (बीजं वाढवणारा हार्मोन) ५ युनिट, ४८ तासांनी एचसीजी (ती सोडवणारा हार्मोन) ५ युनिट. दुसऱ्या दिवशी बीजं काढून डिशमध्येच नराच्या शुक्रजंतूंबरोबर ठेवते. मग भ्रूण वाढवायच्या एम१६ माध्यमाचे थेंब, वर मिनरल ऑइल, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. शेवटच्या खेपेला ४ मादींतून ३१ बीजं मिळाली, १९ दोन पेशींपर्यंत गेली, चार पेशींची एकही नाही.

सर खूश आहेत. 'वयाचा परिणाम इतका स्वच्छ क्वचित दिसतो,' म्हणाले, पोस्टरमध्ये घाल. मला मात्र झोप लागत नाहीये. कारण फेब्रुवारीत एकदाच दोन महिन्यांच्या तरुण मादी घेऊन तोच प्रयोग केला होता आणि त्यातही ३४ पैकी फक्त ३ भ्रूण दोनाच्या पुढे गेले होते. त्या आठवड्यात इन्क्युबेटर बिघडलेला होता म्हणून ते आकडे बाजूला ठेवायचं ठरलं. (ठरलं म्हणजे सरांनी ठरवलं.)

त्यात दर रविवारी सांगलीहून वहिनीचा फोन. ती ३८ ची आहे. 'तुमच्याकडे अंडी तरुण करायचं काही निघालं का गं?' मी 'बघू, चाललंय' म्हणते आणि विषय बदलते. मला माझ्या उंदरांचंच कळेना, तिला काय सांगू?

---

निवृत्त_मास्तर

पोरी, मी तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, त्यामुळे अडाणी प्रश्न विचारायचा मला हक्क आहे. पुरुषाच्या शुक्रपेशी रोज नव्या होतात. बाईचं बीज दर महिन्याला एक बाहेर पडतं. मग ते महिन्याभराचंच असणार ना? त्याला म्हातारपण कुठून आलं? का बाईचं वय बीजाला लागतं, जसा फ्रीजमधल्या दुधाला कांद्याचा वास लागतो तसा?

---

काचेची_नळी

मास्तर, आधी तुमचं. मग त्या मुलीकडे वळते, तिच्याशी जरा भांडायचंय.

बीज दर महिन्याला तयार होत नाही, दर महिन्याला जागं होतं. बाईच्या अंडाशयातली सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. गर्भ वीस आठवड्यांचा असतो तेव्हा ती साठ-सत्तर लाख असतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. त्यातली जेमतेम चारशे-पाचशे आयुष्यात बाहेर पडतात, बाकीची आतल्या आत विरून जातात. यातलं प्रत्येक बीज गुणसूत्रं अर्धी करण्याचं विभाजन सुरू करतं आणि पहिल्याच टप्प्यात, अर्ध्यावर थांबतं. थांबतं ते बारा वर्षं, पंचवीस वर्षं, चाळीस वर्षं. म्हणजे ४० च्या बाईचं बीजही चाळीस वर्षांचं. दुधाला वास लागत नाही हो, दूधच तेव्हाचं आहे.

आता हे थांबणं वाटतं तेवढं सोपं नाही. एवढी वर्षं गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना धरून ठेवायच्या असतात. ते काम कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या करतात. माझी आजी गोधडी शिवायची. दोन लुगड्यांमधला तो धावदोरा आठवतो? कोहेसिन म्हणजे तो टाका. गंमत अशी की हा टाका एकदाच, गर्भात असताना घातला जातो. ऑक्सफर्डला किम नास्मिथ यांच्या प्रयोगशाळेत किकुए ताचिबाना यांनी २०१० मध्ये उंदरांवर हे फार सुंदर दाखवलं : थांबलेल्या बीजात नवं कोहेसिन बनवायला लावलं तरी त्यानं जोड्या धरल्या जात नाहीत. जुना टाका गेला की गेला. त्याच वर्षी फिलाडेल्फिया आणि न्यूकासल इथल्या दोन गटांनी म्हाताऱ्या उंदरांच्या बीजात हे टाके खरोखरच विरळ झालेले दाखवले. कापड धड, दोरा गेलेला. मग विभाजनाच्या वेळी जोडी भलत्याच क्षणी सुटते आणि एक गुणसूत्र जास्त किंवा एक कमी. डाउन सिंड्रोमची शक्यता आईच्या वयाबरोबर वाढते ती मुख्यतः यामुळे. पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक.

आता तू गं, तळ्यातमळ्यात.

मी सव्वीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून उंदरांची बीजं काढली. नळ्या स्वतः ओढायचे, स्पिरिटच्या दिव्यावर, आणि तोंडात रबरी नळी धरून बीजं उचलायचे. उंदराचं बीज ८० मायक्रॉनचं, केसाच्या जाडीएवढं. नळी रुंद झाली तर तीन थेंब माध्यम सोबत येतं, अरुंद झाली तर बीज चेपतं. डॉक्टरेट झालेल्या किती जणांना मी हे शिकवलं याचा हिशेब नाही, कारण कुठल्याच पेपरवर माझं नाव नाही. असो.

तुझं पत्र वाचून पहिल्या मिनिटाला म्हटलं, ही मादीच्या वयाची गोष्टच नाही.

भ्रूण सुरुवातीला स्वतःचं काही शिजवत नाही. आईनं बीजात बांधून दिलेल्या शिदोरीवर जगतं : तिनं साठवलेले आरएनए, प्रथिनं. स्वतःची चूल, म्हणजे स्वतःची जनुकं, उंदरात पेटते दोन पेशींवर. नेमकं तिथंच, त्या चुलीशी, तुझे सगळे भ्रूण बसून राहिलेत. आणि स्विस उंदीर एम१६ मध्ये दोन पेशींवर अडतात हे तुझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे! 'टू-सेल ब्लॉक' असा शब्दच आहे त्याला. काही संकरित जाती एम१६ मधून सुखरूप पार होतात, पण नात्याबाहेर प्रजनन केलेल्या (आउटब्रेड) स्विस, सीएफ-१ वगैरे अडतात. एम१६ मध्ये ग्लुकोज साडेपाच मिलिमोलर आहे, पहिल्या दोन दिवसांच्या भ्रूणाला ते भारी पडतं. म्हणून १९८९ मध्ये सीझेडबी हे माध्यम आलं, सुरुवातीला ग्लुकोजच नाही, वर ग्लुटामिन आणि ईडीटीए. मग केएसओएम आलं, त्यात ग्लुकोज ०.२. आमच्याकडे १९९४ पासून एम१६ फक्त फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात असायचं, पाहुण्यांसाठी.

टाके गेलेलं बीज असं वागत नाही. एखादं गुणसूत्र जास्त असलं तरी उंदराचा भ्रूण सहसा ब्लास्टोसिस्ट (रुजण्याआधीचा पोकळ गोळा) होतो, पोटात रुजतोसुद्धा, आणि नंतर मरतो. गुणसूत्र कमी असेल तर आधी मरतो. पण सगळेच्या सगळे १९ च्या १९ एकाच पायरीवर? वय असं रांगेत उभं करून मारत नाही. ते काम डिशचं.

आणि ते फेब्रुवारीचे ३४ पैकी ३. ते बाजूला का ठेवलंस? तोच तर तुझा एकमेव खरा आकडा होता.

आता सांग, एचसीजी किती वाजता देतेस आणि बीजं किती वाजता काढतेस? मिनिटात सांग.

---

तळ्यातमळ्यात

काकू (काकू म्हटलं तर चालेल ना?), वाचून आधी रडले, मग हसले.

वेळ : एचसीजी संध्याकाळी ५ वाजता. प्राणीगृह साडेपाचला बंद होतं. दुसऱ्या दिवशी चावीवाले साडेदहाला येतात, मग मादी घेऊन मी शेवटच्या इमारतीत जाते, तिथे डिसेक्शन. बीजं हातात येईपर्यंत १२.४५ - १. शुक्रजंतू तासभर आधी माध्यमात ठेवावे लागतात, तो नर मी त्याच फेरीत आणते. म्हणजे शुक्रजंतू बीजांना भेटतात साधारण अडीचला.

---

काचेची_नळी

साडेएकवीस तास.

अगं, एचसीजीनंतर बाराएक तासांनी बीज सुटतं. शुक्रजंतू तेरा ते पंधरा तासांच्या आत भेटायला हवेत. तुझी बीजं नळीत आठ-नऊ तास वाट बघत बसलेली असतात. हे दुसरं म्हातारपण. पहिलं मादीचं, महिन्यांत मोजायचं. दुसरं सुटलेल्या बीजाचं, तासांत मोजायचं. दोन्हीला लोक 'एग एजिंग' म्हणतात आणि पेपर वाचताना घोटाळा होतो. तू पहिल्यावर पीएचडी करतेयस आणि दुसऱ्याचे आकडे गोळा करतेयस!

डोळ्यांनी ओळखता येतं. वेळेवर गेलीस तर बीजवाहिनीचा फुगलेला भाग काचेसारखा पारदर्शक दिसतो, सुई टोचली की बीजांभोवतीच्या क्युम्युलस पेशींचा अख्खा ढग भसकन बाहेर येतो, चिकट, दाट. उशिरा गेलीस की फुगवटा बसलेला, ढग विरळ, बीजं सुटी सुटी. हायलुरोनिडेझ (हा ढग विरघळवणारं विकर) न घालताच बीजं उघडी मिळत असतील तर ती सोय नाही, ती तक्रार आहे.

एडवर्ड्स यांची गोष्ट माहितीये? रॉबर्ट एडवर्ड्स, पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीवाले. साठच्या दशकात लंडनच्या एजवेअर जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॉली रोझ त्यांना शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयाचे तुकडे द्यायच्या. सशांच्या बीजांवर काम केलेल्या ग्रेगरी पिंकस यांनी लिहून ठेवलं होतं की माणसाचं बीज बारा तासांत पिकतं. एडवर्ड्स बारा तासांनी बघायचे, काही नाही. महिनोन्‌महिने काही नाही. शेवटी जास्त वेळ थांबून बघितलं, तेव्हा पंचवीस तासांनी गुणसूत्रं दिसायला लागली, पूर्ण पिकायला सदतीस. १९६५ मध्ये छापलं. बीज ठणठणीत होतं, घड्याळ सशाचं होतं.

आता काम सांगते. एचसीजी रात्री ९ ला दे असं म्हणणार नाही, कारण नुसती सुई पुढे ढकलून भागत नाही. मादीचा स्वतःचा हार्मोन दिव्याच्या वेळेप्रमाणे सुटतो, तो तुझ्या सुईच्या आधी सुटला तर आणखी गोंधळ. खोलीच्या दिव्याचा टायमर चार तास पुढे सरकव, दोन आठवडे मादींना सवय होऊ दे, मग सगळं वेळापत्रकच सरकव. टायमर सरकवायला परवानगी लागते, रात्रीच्या चावीलाही. नैतिकता समितीच्या अर्जात वेळा लिहिलेल्या असतील तर त्याही बदलून घे. चावीवाल्याशी गोड बोल. माझा अर्धा अनुभव चावीवाल्यांशी बोलण्याचा आहे.

आणि एकाच दिवशी चार डिश : तरुण-एम१६, तरुण-केएसओएम, म्हातारी-एम१६, म्हातारी-केएसओएम. शिवाय पाचवी फुकटची परीक्षा : दोन तरुण मादी नराबरोबर सोड, एचसीजीनंतर ४६-४८ तासांनी बीजवाहिनीतून दोन पेशींचे भ्रूण धुऊन काढ आणि तुझ्या त्याच एम१६ मध्ये ठेव. आईच्या नळीत चूल पेटवून आलेले भ्रूण पुढे गेले, तर इन्क्युबेटर निर्दोष. सरांना हे एका चित्रात दाखवता येईल, वाद घालावा लागणार नाही.

तेलाची बाटली खिडकीत ठेवली असशील तर फेकून दे. उजेडानं तेल बिघडतं.

---

पावणेआठची_लोकल

मी ठाण्याला माणसांच्या बाजूला आहे, आयव्हीएफ केंद्रात एम्ब्रियॉलॉजिस्ट. काचेची_नळी ताई, तुमच्या 'पाहुण्यांसाठी एम१६' वर मी लोकलमध्ये एकटीच हसले, शेजारची बाई सरकून बसली.

वहिनींबद्दल लिहिते, कारण हा प्रश्न मला आठवड्याला दहा जणी विचारतात.

माणसात चूल उशिरा पेटते, चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवशी. ब्राउडी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं. म्हणून तिसऱ्या दिवशी सुंदर दिसणारा आठ पेशींचा भ्रूण मला फार काही सांगत नाही. तोवर तो आईच्या शिदोरीवर आहे. तिसऱ्यानंतर पाचव्या दिवसापर्यंत गळती होते ती बघताना पोटात खड्डा पडतो, अजूनही.

दुसरं, माणसाचं बीज उंदरापेक्षा मुळातच घसरतं. मेलिना शूह यांच्या गटानं २०१५ मध्ये जिवंत मानवी बीजांचं चित्रण केलं. गुणसूत्रं ओढणारी तर्कू उभी राहायला सुमारे सोळा तास, आणि त्या वेळात ती डगमगते. उंदराला तेच तीन ते पाच तास. २०२२ मध्ये त्यांनीच कारण शोधलं : तर्कूची टोकं आवळून धरणारं केआयएफसी१ हे प्रथिन मानवी बीजात जवळजवळ नसतंच. बाहेरून घातलं की तर्कू सावरते. त्यामुळे तरुण बाईच्या बीजातही चुका असतात. वय त्यात भर घालतं.

आता 'अंडी तरुण करणाऱ्या' गोळ्यांच्या बाटल्या. एनएमएन, २०२०, म्हाताऱ्या उंदरांत बीजं सुधारली. स्पर्मिडीन, २०२३, उंदीर. कोक्यू१०, २०१५, उंदीर. कामं चांगली आहेत, मी वाचलीत. पण उंदीर वर्षभरात म्हातारा होतो, त्याचे टाके वर्षभराचे. अडतीस वर्षांच्या टाक्याला गोळी पुन्हा शिवते असं यातल्या कुणीही दाखवलेलं नाही. पेशंट पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर मांडतात, दोन हजारांची, चार हजारांची, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. वहिनींना सांग : मूल हवं असेल तर निघेल त्या शोधाची वाट बघत एक वर्षही घालवू नका, या महिन्यात चांगल्या डॉक्टरांना भेटा. एएमएच हा हार्मोन तपासतील. तो आकडा बीजं किती उरलीत ते सांगतो, कशी आहेत ते नाही. हा फरक तिला आधीच सांगून ठेव, नाहीतर रिपोर्ट बघून उगाच हुरळेल किंवा उगाच खचेल.

---

निवृत्त_मास्तर

चूल, शिदोरी, गोधडी. आमच्या पाठ्यपुस्तकात नुसतं 'अर्धसूत्री विभाजन, आकृती काढा, नावे द्या, ३ गुण' होतं. पोरं नावं द्यायची. मीही द्यायचो.

काचेची_नळीबाई, एक विचारू? डिश आणि पिंजरे धुण्याचा यात काही संबंध?

---

काचेची_नळी

मास्तर, तुम्ही चुकून वर्मावर बोट ठेवलंत. १९९८, क्लीव्हलंड. पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजांवर वयाचाच अभ्यास करत होत्या. एके दिवशी निरोगी, तरुण, काहीही न केलेल्या मादींची बीजं बघितली तर ४० टक्क्यांत गुणसूत्रं विस्कटलेली. एरवी एक-दोन टक्के. शोधता शोधता कळलं की कोणीतरी प्लॅस्टिकचे पिंजरे फरशी पुसायच्या साबणानं धुतले होते. त्यानं प्लॅस्टिक झिजलं आणि बिस्फेनॉल-ए हे रसायन बाहेर आलं. २००३ मध्ये छापून आलं, आणि त्या धुण्यातून जगभर प्लॅस्टिकच्या बाटल्यांची चौकशी सुरू झाली.

त्या बाईंनी ते आकडे 'त्या आठवड्यात पिंजरे खराब होते' म्हणून बाजूला ठेवले नाहीत, एवढं तुझ्या सरांना वाचून दाखव. म्हणजे, हळू आवाजात.

---

तळ्यातमळ्यात

नऊ आठवड्यांनी परत आलेय. टायमर सरकवायला तीन सह्या लागल्या. चावीवाल्या काकांचं नाव नाही घेत, पण त्यांच्या मुलीला बारावीचं जीवशास्त्र शिकवतेय, शनिवारी, त्या बदल्यात रात्री साडेआठला ते दार उघडतात.

आता एचसीजी रात्री ९, बीजं सकाळी ११ च्या आत. काकू, तो ढग! भसकनच येतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी सुई हातात घेऊन नुसती बघत बसले आणि दोन मिनिटं वाया घालवली.

आकडे. तरुण-केएसओएम : दोन पेशींच्या ४८ भ्रूणांपैकी ३७ ब्लास्टोसिस्ट. तरुण-एम१६ : ४५ पैकी ४. बीजवाहिनीतून धुतलेले, त्याच एम१६ मध्ये : २० पैकी १७. इन्क्युबेटर बिचारा निर्दोष सुटला. म्हातारी-केएसओएम : ६ मादींतून फक्त २९ बीजं, २१ दोन पेशी, १२ ब्लास्टोसिस्ट. म्हणजे फरक आहे, पण तो माझ्या जुन्या पोस्टरसारखा शंभर-शून्य नाही. आणि इतक्या थोड्या बीजांवर मी काहीच ठासून म्हणणार नाही.

सरांनी चित्र बघितलं, पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, 'फेब्रुवारीचे आकडे कुठल्या वहीत आहेत?' पोस्टर मागे घेतलं. त्यांच्याबद्दल मी वर जरा तिखट लिहिलंय, ते राहू दे, पण हेही लिहिते.

वहिनी डॉक्टरांकडे जाऊन आली. पुढचं तिचं ती बघेल, इथे लिहीत नाही.

आता नवी रड. बीजांचे स्प्रेड (गुणसूत्रं काचेवर पसरवणं) करायला घेतलेत, वीस जोड्या मोजायच्या आणि जोडीतलं अंतर. पण जुलै आहे, बाहेर धो धो पाऊस, फिक्सेटिव्हचा थेंब काचेवर सुकता सुकत नाही, आणि गुणसूत्रं एकावर एक ढीग होऊन पडतात. काल सात काचांवर एकही धड मोजता आली नाही. हीटिंग प्लेट चालेल का?

---

काचेची_नळी

प्लेट नको, फार भरभर सुकतं आणि पसरतच नाही. टेबललॅम्प. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब, काचेपासून एक वीत वर. बल्ब मिळत नसेल तर पूजासाहित्याच्या दुकानदाराकडे विचार, त्यांच्याकडे असतो. आणि काच आदल्या रात्री अल्कोहोलमध्ये बुडवून ठेव. नव्या डब्यातली काच स्वच्छ असते यावर विश्वास ठेवू नकोस.